पुनर्कथनासाठी कथा निवडताना : लोपामुद्रा, दमयंती, केशिनी आणि विदर्भाशी जोडलेली इतर आख्याने

पुराणकथा नव्याने लिहायला घेणारे बहुतेक जण निवडीवर फारसा वेळ घालवत नाहीत. कर्ण, द्रौपदी, ऊर्मिला, अश्वत्थामा यांपैकी एखादे नाव मनात आधीच घर करून बसलेले असते आणि त्या नावाच्या ओढीनेच लेखन सुरू होते. तीस-चाळीस पाने झाली की हात थांबतो, कारण आपण लिहिले ते वाचकाला अगोदरच ठाऊक आहे आणि त्याला ठाऊक नसलेले असे काही आपल्याही हाती लागलेले नाही, हे तेव्हा उमगते. लेखक मग शैलीला दोष देतो, पण पुष्कळदा चूक निवडीतच झालेली असते.

प्रस्तुत लेखात ही निवड कशी करावी हे क्रमाने सांगितले आहे. कथा किती प्रसिद्ध आहे, यापेक्षा तिचे निरनिराळे पाठ, म्हणजे ती सांगण्याची वेगवेगळी रूपे, एकमेकांशी कुठे पटत नाहीत हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे, कारण नव्या लेखकाला शिरकाव मिळतो तो याच जागी. उदाहरणे मुख्यतः विदर्भाशी जोडलेल्या कथांची घेतली आहेत. नागपुरात राहून लिहिणाऱ्याच्या हाताशी लोपामुद्रा, दमयंती, रुक्मिणी आणि इंदुमती अशा चार वैदर्भी राजकन्या असताना त्याने दर वेळी कुरुक्षेत्रावरच का जावे, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

पुस्तक न उघडता केलेली यादी

आरंभी कोणताही ग्रंथ हाती न घेता, आठवतील तशा दहा-बारा कथा कागदावर उतरवाव्यात. प्रत्येक कथेपुढे ती कुठून कळली हे लिहावे : आजीकडून, कीर्तनातून, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडारीतून, म्हणजे लोकनाट्यातून, भुलाबाईच्या गाण्यांतून, श्रावणातल्या कहाणीतून, शाळेच्या पुस्तकातून की दूरदर्शनच्या मालिकेतून. ‘आटपाट नगर होतं’ अशी सुरुवात होणाऱ्या कहाण्यांना या यादीत अवश्य स्थान द्यावे. पौराणिक म्हटले की आपण रामायण-महाभारतापाशीच थांबतो आणि ज्या कथांची भाषा आपल्या कानांत मुरलेली आहे त्याच नेमक्या विसरतो.

आता प्रत्येक कथेतला आपल्याला सर्वांत स्पष्ट आठवणारा एकच प्रसंग दोन ओळींत लिहावा. जिथे केवळ पात्राचे नाव आणि त्याच्याविषयीचे मत आठवते, प्रसंग असा आठवतच नाही, ती कथा तूर्त बाजूला ठेवावी. ‘कर्णावर अन्याय झाला’ या वाक्यावर एखादा निबंध लिहिता येईल, पण कथा लिहायला माणसे काहीतरी करताना दिसावी लागतात. या एका चाळणीतून यादी साधारण निम्म्यावर येते.

पाठ गोळा करणे

उरलेल्या प्रत्येक कथेचे किमान तीन पाठ मिळवावेत. पहिला पाठ मूळ ग्रंथातला किंवा त्याच्या विश्वासार्ह भाषांतरातला, दुसरा जुन्या मराठीतला आणि तिसरा कोणाच्या तरी तोंडून ऐकलेला असावा. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची, अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती आधाराला घ्यावी. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. संस्कृत येत नसेल तरी या आवृत्तीवरून केलेल्या भाषांतरांतून कोणता प्रसंग मूळ संहितेत स्वीकारला गेला आणि कोणता परिशिष्टात गेला, एवढे समजते, आणि निवडीच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते.

या तपासणीत धक्के बसतात. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे हा सर्वतोमुखी झालेला प्रसंग चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. मयसभेत फसलेल्या दुर्योधनाला द्रौपदीने ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणून हिणवले, हेही त्या संहितेत सापडत नाही. तिथे त्या प्रसंगाच्या वर्णनात दुर्योधनाला हसतात ते भीमादी पांडव आणि सेवकजन. एखाद्याने द्रौपदीच्या त्या एका वाक्यावर संपूर्ण कादंबरी उभी करायचे ठरवले असेल तर त्याने ती लिहूच नये असे नाही, मात्र आपण व्यासांचा आधार घेतलेला नसून नंतरच्या कुणा कल्पक कथनकाराचा घेतला आहे, हे त्याला माहीत असले पाहिजे. कर्णाविषयीची आपली ओढ द्रौपदीला जांभळाच्या झाडाखाली कबूल करावी लागते, ही मराठी लोककथा अशाच नंतरच्या परंपरेतली आहे आणि तिची ताकद त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

जुन्या मराठीतल्या पाठांच्या बाबतीत वैदर्भीय लेखक भाग्यवान आहे. महानुभाव पंथाचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. त्याच पंथातल्या महदंबेच्या धवळ्यांत, म्हणजे लग्नगीतांत, कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे गायन आहे, नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर १२९२ सालचे मानले जाते आणि एकनाथांचे त्याच विषयावरचे काव्य १५७१ सालचे आहे. नलदमयंतीच्या कथेसाठी रघुनाथ पंडितांचे आख्यान आहे. नागपुरात विदर्भ साहित्य संघाचे किंवा विद्यापीठाचे ग्रंथालय गाठावे आणि ग्रंथपालांना लेखकाच्या नावापेक्षा प्रसंगाचे नाव सांगून विचारणा करावी. जुनी संपादने धूळ खात पडलेली असली तरी त्यांच्या प्रस्तावना आणि तळटीपा सोन्याच्या मोलाच्या असतात.

तोंडी पाठ घेताना सांगणाऱ्याला मध्येच थांबवून दुरुस्त करू नये. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या बाईला ‘पण शिवपुराणात तर असे आहे’ असे सांगितले की ती गप्प बसते आणि तुमच्या हाती शिवपुराण तेवढे राहते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या या गाण्यांत शंकर-पार्वती कैलासावरून उतरून सासर-माहेरच्या व्यवहारात शिरलेले दिसतात. पुनर्कथनाचा हा नमुना आपल्या अंगणातच चालू असतो.

पाठ कुठे भांडतात ते पाहणे

निवडीतली ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे इथे घाई करू नये. वहीच्या पानावर शेजारी शेजारी रकाने आखावेत, प्रत्येक पाठाला एक रकाना द्यावा आणि एकाच प्रसंगाविषयी कोण काय म्हणतो ते समोरासमोर लिहावे. दोन नोंदी पटत नाहीत तिथे खूण करावी.

लोपामुद्रेचे पान घेऊ. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्तात ती स्वतः बोलते. अनेक शरद ऋतू आपण रात्रंदिवस श्रमलो, प्रत्येक उषेबरोबर वय वाढत गेले, वार्धक्य शरीराची शोभा हिरावून घेते, असे ती म्हणते आणि पतीचा सहवास मागते. तिथे ना राजवाडा आहे, ना बाप, ना विदर्भ. महाभारताच्या वनपर्वात तिच्याभोवती सगळी कथा उभी राहते. खड्ड्यात उलटे लोंबकळणारे पितर अगस्त्याला दिसतात आणि त्यांच्या उद्धारासाठी त्याला पुत्र हवा असतो. तो निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन एक कन्या घडवतो, अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला ती देतो आणि ती वयात आल्यावर तिलाच मागणी घालतो. राजा शापाच्या भयाने गोंधळतो, तेव्हा ‘मला देऊन टाका आणि स्वतःला वाचवा’ असे तीच सांगते. अगस्त्याच्या सांगण्यावरून ती रेशमी वस्त्रे टाकून वल्कले नेसते. पुढे मात्र समागमाची वेळ येते तेव्हा ती अट घालते : बापाच्या महालात होती तशी शय्या आणि तसेच अलंकार हवेत.

ही दोन टिपणे शेजारी ठेवून वाचावीत. वेदात सहवास मागणारी स्त्री महाकाव्यात शय्या आणि दागिने मागते. हा बदल का झाला, याचे उत्तर विद्वानांनी द्यावे, लेखकाला त्यात आपली जागा दिसावी. आपल्या शरीराची जुळवाजुळव ज्याने केली त्यालाच पती म्हणून स्वीकारावे लागलेल्या मुलीने त्याच्यासमोर ठेवलेली ती एकमेव अट आहे. शिवाय त्या अटीपायी अगस्त्याला जे करावे लागते ते विलक्षण आहे. तो एकामागून एक तीन राजांकडे जातो, प्रत्येकाचा जमाखर्च पाहतो, आय आणि व्यय सारखाच आहे असे आढळल्यावर प्रजेला त्रास नको म्हणून काहीच घेत नाही आणि शेवटी इल्वल दैत्याकडे वळतो. ताळेबंद तपासणारा ऋषी हा तपशील नागपूरच्या महालेखाकार कार्यालयातल्या एखाद्या वाचकाला निश्चित आवडेल. एवढे ऐवज असलेली कथा मराठीत तुलनेने कमी वेळा लिहिली गेली आहे.

याउलट रुक्मिणीचे पान भरून पाहावे. भागवताच्या दशम स्कंधात तिचे सात श्लोकांचे पत्र आहे आणि त्यात ती आपले मन तर उघड करतेच, शिवाय हरण कुठून आणि कधी करावे याची योजनाही स्वतःच सांगते. मराठी कवींनी तो प्रसंग भरभरून रंगवला. पाठ बहुतांशी एकमेकांना दुजोरा देतात आणि नायिकेला आवाज आधीच आहे. म्हणून ‘रुक्मिणीला आवाज देणे’ या हेतूने ही कथा निवडणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. तिच्या आख्यानात जागा आहे ती विवाहानंतर. पंढरपूरच्या परंपरेत ती रुसून दिंडीरवनात येते, कृष्ण तिला शोधत येतो आणि आजही तिचे मंदिर त्याच्या मंदिरापासून निराळे आहे. आषाढी वारीला कौंडण्यपूरहून, म्हणजे तिच्या माहेराहून, पालखी पंढरीला जाते. हरणाची नायिका आणि रुसून निघून आलेली पत्नी या दोघी एकच आहेत, हे ध्यानात घेतले तर कथा पुन्हा निवडण्याजोगी होते.

कोण पाहत होते

पाठांमधली फट सापडली की त्या फटीतून कोण पाहू शकेल याचा शोध घ्यावा. दमयंतीच्या आख्यानावर हे करून दाखवतो, कारण महाभारतातले नलोपाख्यान मला या कामासाठी आदर्श वाटते.

बहुतेकांना हंस, स्वयंवर आणि नळाचे रूप घेऊन बसलेले चार देव आठवतात. घाम न येणारे, पापणी न लवणारे, ज्यांची माळ कोमेजत नाही आणि पाय जमिनीला टेकत नाहीत ते देव, हे दमयंतीने ओळखले. हा भाग सुंदर आहे आणि म्हणूनच पुरता वापरून झालेला आहे. त्यामानाने उत्तरार्ध मोकळा आहे. द्यूतात सर्वस्व गमावलेला नळ अरण्यातल्या एका निवाऱ्यात झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र कापतो, निघतो, परत येतो, पुन्हा निघतो. मूळ पाठात त्याच्या मनाला झोपाळ्याची उपमा दिलेली आहे. कलीने त्याला ओढले असे कथा सांगते, पण परत परत माघारी येणारे पाऊलही तीच कथा दाखवते. म्हणजे इथे एकाच पाठाच्या आत दोन साक्षी आहेत.

पुढे नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी आणि आचारी म्हणून राहतो. दमयंती माहेरी कुंडिनपुरात, बापाला कळू न देता, आईला विश्वासात घेऊन दुसऱ्या स्वयंवराचा बनाव रचते आणि निरोप एवढ्या उशिरा धाडते की एका दिवसात रथ आणू शकणारा माणूसच ऋतुपर्णाला घेऊन येऊ शकेल. ऋतुपर्ण पोहोचतो आणि पाहतो तर नगरात मंडप नाही, राजे नाहीत. दमयंतीच्या बापाला, भीमराजालाही, हा पाहुणा कशासाठी आला हे कळत नाही. दोन राजे एकमेकांशी शिष्टाचाराने बोलत आहेत आणि खरे कारण दोघांपैकी एकाला ठाऊक नाही तर दुसऱ्याला बोलता येत नाही, हा प्रसंग विनोदी कथेसाठी तयार आहे. तो फार कोणी उचलत नाही याचे मला आश्चर्य वाटते.

या ठिकाणी केशिनी येते. दमयंतीची ही दासी बाहुकावर पाळत ठेवायला जाते आणि परत येऊन पाहिलेले सांगते : ठेंगणे दार त्याच्यासाठी उंच होते, त्याने नुसते पाहिले की रिकाम्या घागरी भरतात, गवताची मूठ धरली की पेट घेते, हातात चुरगळलेली फुले अधिकच टवटवीत होतात. नंतर ती त्याने रांधलेले मांस दमयंतीला चाखायला नेऊन देते आणि त्या चवीवरून दमयंतीला नवरा ओळखू येतो. मूळ कथेत केशिनीचे काम यानंतर लवकरच संपते. पण विचार करून पाहा, ज्या स्वयंपाकघरात रोज वावर आहे तिथे एका कुरूप आचाऱ्याच्या नजरेने घागरी भरताना तिने पाहिल्या आहेत, मालकिणीचे गुपित तिला ठाऊक आहे आणि दोन्ही राजांना ते ठाऊक नाही. निवेदक म्हणून यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. ती दासी असल्यामुळे तिच्या भाषेचा प्रश्नही उभा राहतो आणि वऱ्हाडीत बोलणारी केशिनी निवडणारा लेखक पहिल्या ओळीपासूनच वेगळी कथा लिहीत असतो.

दुय्यम पात्र घेतले की काम झाले, असा मात्र यातून अर्थ काढू नये. दुय्यम पात्राला स्वतःचे काहीतरी पणाला लागलेले असले पाहिजे. केशिनीचा अहवाल चुकला असता तर तिचे काय झाले असते, याचे उत्तर देता आले तरच तिला निवडावे, नाहीतर ती कॅमेरा होऊन बसते. हीच कसोटी जैन परंपरेतल्या दवदंतीच्या, म्हणजे दमयंतीच्याच, आख्यानालाही लावून पाहावी.

ठिकाणाची परीक्षा

कथा एखाद्या जागेशी जोडलेली असेल तर ती जागा पाहून यावी आणि ग्रंथ व गावकरी यांच्यात काय अंतर आहे ते टिपावे. कीचकवध चिखलदऱ्याला झाला, भीमाने कीचकाला तिथल्या दरीत फेकले आणि भीमकुंडात हात धुतले, अशी तिथली आख्यायिका आहे. महाभारतातला विराट मात्र मत्स्य देशाचा राजा आहे आणि तो देश विद्वान राजस्थानात दाखवतात. हा वाद लेखकाने सोडवायचा नसतो. मेळघाटातले धुके, दरी आणि वेश पालटून सैरंध्री म्हणून नोकरी करणारी द्रौपदी हे एकत्र आले की कथेला जे बळ मिळते ते घ्यावे, पण ‘हेच खरे विराटनगर’ असे विधान कथेत किंवा मनोगतात करू नये.

रामटेक याहून गुंतागुंतीचे आहे आणि नागपूरहून ते अवघे पन्नासेक किलोमीटर असल्याने तिथे न जाण्याला निमित्त नाही. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी हाच, असे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी मांडले. छत्तीसगडातल्या रामगढचाही त्यावर दावा आहे. टेकडीवर वाकाटककालीन केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह मंदिरे आहेत. सीतेच्या स्नानाने पुनीत झालेल्या जलाचा उल्लेख कालिदास पहिल्याच श्लोकात करतो. शिवाय शंबुकवधाचा प्रसंग स्थानिक परंपरा याच टेकडीशी जोडते आणि धूम्रेश्वराच्या मंदिराचा त्याच्याशी संबंध सांगितला जातो.

एकाच टेकडीवर विरही यक्ष, वनवासातली सीता आणि तप केल्याबद्दल मारला गेलेला शंबुक अशा तीन कथा आहेत. त्यांतली कोणती निवडावी? यक्षाची कथा पाहिली तर कालिदास त्याला नाव देत नाही आणि त्याचा अपराध ‘कर्तव्यात हयगय’ एवढाच सांगतो. नेमके काय चुकले ते टीकाकारांनी पुढे आपापल्या परीने भरले. त्यामुळे तो अपराध कल्पिण्याची पूर्ण मुभा आहे. एका वर्षाचा शाप, त्यातले चार महिने उरलेले आणि आषाढाचा पहिला दिवस, ही चौकट लघुकथेला नेमकी पुरते. शंबुकाची कथा लघुकथेत मावेल असे मला वाटत नाही, कारण तिथे रामालाही तेवढ्याच न्यायाने रंगवावे लागते. आठव्या शतकातल्या भवभूतीने उत्तररामचरितात हे केले आहे. त्याचा राम शंबुकावर शस्त्र चालवताना स्वतःच्या उजव्या हाताला ‘तू तर सीतेला घालवणाऱ्या रामाचा हात, तुला कसली दया’ अशा आशयाचे बोलतो. भवभूतीचे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातले आमगावजवळचे पदमपूर, असे मानले जाते. त्याच नाटकात त्याने राम आणि सीता यांचे शेवटी मीलन घडवले आणि रामायणाचा शेवटच पालटला. जुन्या कथेचा शेवट बदलावा की नाही, असा संकोच वाटणाऱ्याने हे नाटक वाचावे.

कथा कोणाची आहे

काही कथा ग्रंथात नुसत्या साठवलेल्या असतात आणि काही कथांच्या आधाराने आज माणसे पूजा करतात, जत्रेला जातात, लग्नसंबंध ठरवतात. दुसऱ्या प्रकारच्या कथेला हात घालण्यापूर्वी वेगळी तयारी लागते. गोंडांचा धर्मसंस्थापक मानल्या जाणाऱ्या लिंगोची कथा हे त्याचे ठळक उदाहरण होय. गुहेत कोंडलेल्यांची सुटका, देवी जंगो रायताड, पारी कुपार लिंगो (म्हणजे हाच लिंगो) आणि गुहेच्या तोंडावरची शिळा या कथेची जागा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातले कचारगड मानले जाते आणि माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी प्रधान (परधान) समाजातल्या गायकांकडून मिळवलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापले गेले. आजचे गोंडी अभ्यासक आणि भाविक सांगतात ती कथा त्या छापील पाठाशी अनेक ठिकाणी जुळत नाही.

वर म्हटल्याप्रमाणे पाठांमधला विसंवाद ही लेखकाची जागा असते, पण इथे तो नियम जसाच्या तसा लावू नये. बाहेरच्या माणसाने टिपलेला पाठ आणि समाजाने जपलेला पाठ यांच्यातला हा विसंवाद आहे. त्यात आपण तिसरा पाठ भरण्यापूर्वी ज्यांची ही कथा आहे त्यांच्यापैकी जाणत्यांना विचारावे, आणि ‘हे लिहू नका’ असे उत्तर आले तर लिहू नये. कचारगडच्या वाटेवर स्वतःची आजी गमावलेल्या किंवा पहिल्यांदाच तिथे आलेल्या माणसाची कथा मात्र कोणीही लिहू शकतो, कारण तिथे देवाची गोष्ट आपण आपल्या तोंडी घेत नाही.

नागपूरच्या लेखकाने नागांच्या कथा निवडतानाही हे भान ठेवावे. आदिपर्वातले खांडववनदहन आणि जनमेजयाचे सर्पसत्र या कथा अन्यत्र साप आणि यज्ञ यांच्या कथा म्हणून वाचल्या जातील. या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या निवडीचा संबंध बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांशी जोडला. त्यामुळे तक्षक नागाची बायको खांडवदहनात अर्जुनाच्या बाणाने मरते आणि मुलगा अश्वसेन निसटतो, हे वाक्य इथला वाचक माणसांविषयीचे वाक्य म्हणून वाचतो. असा वाचक समोर असणे ही लेखकाची अडचण मानू नये. सर्पसत्र थांबवणारा आस्तिक हा नाग मातेचा आणि ब्राह्मण पित्याचा मुलगा आहे, आणि या शहरात त्याची कथा निवडणे हे मला धाडसाचे पण अतिशय सकस काम वाटते.

मारबतीचा उल्लेख केल्याशिवाय नागपूरचा विषय पुरा होत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत असे दोन मोठे पुतळे मिरवणुकीने निघतात, रोगराई आणि ईडापीडा ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते आणि सोबतचे बडगे, म्हणजे टिंगलीचे छोटे पुतळे, त्या वर्षीच्या राजकारणाची, महागाईची टिंगल करतात. काळ्या मारबतीचा संबंध कोणी पूतनेशी जोडतात तर कोणी भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी, इंग्रजांना सामील झाल्याचा ठपका ठेवून. पुराणातली राक्षसी आणि इतिहासातली राणी एकाच पुतळ्यात आल्या आहेत. हा विषय निवडणाऱ्याने बांकाबाईचे इतिहासातले चरित्र वेगळे वाचावे आणि आख्यायिका तिच्यावर लादताना आपण नेमके काय करतो आहोत, याचा निर्णय लिहिण्यापूर्वी घ्यावा.

आज हीच कथा का

एखादी कथा नेमकी याच काळात लिहिण्यात काही कारण आहे का, हेही पाहावे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे कीचकवध १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कथा तीच होती, पण विराटाच्या दरबारातली असहायता त्या वर्षीच्या प्रेक्षकाला आपली वाटली. तरीही समकालीन संदर्भ शोधून तो कथेला चिकटवण्याच्या मी विरोधात आहे. सैरंध्रीला कार्यालयातली कर्मचारी करून टाकले की पहिल्या पानावर वाचक हुशारीला दाद देतो आणि तिसऱ्या पानावर पुढचे सगळे ओळखतो. संदर्भ कथेत आपणहून दिसत असेल तर तो बोलून दाखवू नये, दिसत नसेल तर कथा दुसरी घ्यावी.

आकाराचा विचार थोडक्यात करता येतो. एक निर्णय आणि एक रात्र असेल तर लघुकथा पुरते, जसे नळाचे वस्त्र कापणे. एखादा बनाव आणि तो उघडकीला येणे असेल तर एकांकिका शोभते, आणि दुसरे स्वयंवर त्यासाठीच आहे. पात्राचे वय कथेत सरत असेल तरच कादंबरीचा विचार करावा, आणि लोपामुद्रा त्या बाबतीत पुरी उतरते.

हक्कांविषयी

कथा कोणाच्या मालकीची नसते, पण तिचे विशिष्ट शब्दांकन असते. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क राहतो. म्हणून आधुनिक कादंबरीकाराने कल्पिलेला प्रसंग, मालिकेतला संवाद किंवा अलीकडच्या भाषांतरातले वाक्य मूळ पुराणातले समजून उचलू नये. पाठांचे रकाने भरलेले असतील तर कोणता तपशील कुठून आला हे एका नजरेत कळते. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याविषयीचे कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाचे आहे, हेही माहीत असावे. त्याच्या भीतीने निवड करू नये, मात्र मूळ पाठाचे दाखले हाताशी ठेवून लिहिणाऱ्याला प्रकाशकाशी बोलणे सोपे जाते.

दोन पानांची चाचणी

इथपर्यंत यादीत दोन-तीन कथा उरतात. त्यांच्यात निवड विचाराने होत नाही, लिहूनच होते. प्रत्येक कथेची दोन पाने लिहावीत, पण आरंभाची नव्हेत. पाठांमधला विसंवाद जिथे सर्वांत तीव्र आहे तोच प्रसंग घ्यावा : लोपामुद्रा अट घालते ती रात्र, केशिनी पहिल्यांदा भरलेली घागर पाहते तो क्षण, यक्षाला अपराध सांगितला जातो ती सकाळ. कुळाचे वर्णन, पूर्वजन्म, शाप-उःशाप यांतले काहीही त्या दोन पानांत आणू नये.

लिहून झाल्यावर पाने आठवडाभर बाजूला ठेवावीत आणि मग दोन वाचकांना द्यावीत. एकाला मूळ कथा नीट माहीत असावी, दुसऱ्याला मुळीच माहीत नसावी. दुसऱ्याला पात्रे आणि पेच समजला नाही तर कथा अजून मूळ ग्रंथाच्या कुबड्यांवर उभी आहे असे समजावे. पहिल्याला विचारायचा प्रश्न निराळा आहे. ‘आवडले का’ हे त्याला विचारू नये, ‘पुढे काय होईल असे वाटते’ हे विचारावे. त्याने मूळ कथेप्रमाणे बिनचूक उत्तर दिले तर ते कथानक परत करून दुसरे घ्यावे. तो जरा थांबला, ‘मूळात तर असे आहे, पण इथे...’ म्हणून अडखळला, तर त्याच कथेचे तिसरे पान त्याच दिवशी सुरू करावे आणि पाठांची वही मात्र कथा पुरी होईपर्यंत कपाटात ठेवून द्यावी.